न तोललेला वाटा

रेवदंडा, ९ जून २०२५

निकेतदादा,

आईने फर्मान काढलंय की तू आणि मी कॉम्प्युटरबद्दल फोनवर बोलायचं नाही. परवा आपण भांडत होतो तेव्हा ती शेजारीच सुके बोंबील डब्यात भरत बसली होती. म्हणाली, "लिवा एकमेकांना. लिवताना मानूस दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालत न्हाय." म्हणून हा ईमेल, पण पत्रासारखा वाच. घाईने खाली जाऊ नकोस.

तुला अर्धवट माहीत आहे ते पूर्ण सांगते. गेल्या वर्षी मी आमच्या मच्छीमार सोसायटीसाठी एक वेबपान केलं. बोट खाडीत शिरली की जेट्टीवर बसलेला आमचा कारकून कान्हा तिचं नाव टाकतो आणि मासळी तोलली की वजन टाकतो. पानावर प्रत्येक बोटीपुढे ‘आली’ किंवा ‘बाहेर’ असं दिसतं. घरच्या बायका फोनवर बघतात आणि आपली बोट आली की पाटी घेऊन निघतात. पहाटेपासून उन्हात ताटकळायला नको.

पण हंगामातल्या पहिल्या परतीच्या दिवशी सगळ्या गावाने एकदमच पान उघडलं आणि ते अडकलं. नुसतं चक्र फिरत राहिलं. आमचे चेअरमन भागोजीकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीचं पान बुडालं." आता ते नव्या पानासाठी कंपन्यांकडून दर मागवतायत.

बाबांनी अट घातली आहे. यंदा पहिल्या परतीला पान टिकलं तर सोसायटी मला पगारावर ठेवील आणि मी इथे राहीन. नाही टिकलं तर पनवेलच्या मॉलमध्ये बिलं करायला जायचं. दादा, मला नाही जायचं. मला खाडीच्या तोंडाशी बसून हेच काम करायचंय, आणि चांगलं करायचंय.

तू उरणच्या कंटेनर यार्डात रात्रंदिवस हेच करतोस. पान का अडकतं ते सांग. कोड सोबत जोडलाय. हसायचं असेल तर एकदाच हस.

अमिषा


उरण, १२ जून २०२५

चि. अमिषा,

दोनदा हसलो. अलिबागच्या कॉलेजने तुला बीएस्सी आयटी कोणत्या आनंदात दिली ते कळत नाही.

तुझा पीएचपी भाषेतला कोड बघितला. तू प्रत्येक बोटीसाठी ‘इन अ‍ॅरे’ लावलं आहेस. म्हणजे तुमची ‘शितळाई’ आली का हे बघायला तुझा प्रोग्राम नोंदींच्या पहिल्या ओळीपासून चालायला लागतो आणि नाव सापडेपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. त्यात सोसायटीच्या सगळ्या जुन्या वर्षांच्या नोंदीही तू हौसेने घातल्यास. सगळ्या बोटी, सगळ्या ओळी, आणि वर अख्खं गाव फोन हातात घेऊन. बुडणार नाही तर काय तरंगणार?

मैनामावशी अलिबागच्या बाजारात मासळी घेऊन कुठे बसते हे तुला ठाऊक आहे ना? तू पहिल्या पाटीपासून एकेकीचं तोंड बघत जात नाहीस, सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहतेस. तसंच कर. फक्त आजच्या नोंदी घे. बोटीचं नाव हीच चावी कर, आणि त्या चावीच्या खणात वजन ठेव. मग ओळी वाचायला नकोत, चावी लावली की खण सापडतो. खण आहे का हे विचारायचे दोन मार्ग आहेत, ‘इसेट’ आणि ‘अ‍ॅरे की एक्झिस्ट्स’. त्यात इसेट सगळ्यांत जलद. डोळे मिटून इसेट वापर. आम्ही यार्डात तेच वापरतो आणि आमच्याकडे ट्रकच्या रांगा तुमच्या होड्यांपेक्षा लांब असतात.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः मोजून बघ. मोजल्याशिवाय जलद म्हणणं म्हणजे चाखल्याशिवाय कालवण चांगलं म्हणणं.

मावशीला आणि धर्माकाकांना नमस्कार.

निकेत


रेवदंडा, २८ जून २०२५

निकेतदादा,

मोजलं. आधी तोंडावर आपटले, मग उठले.

पहिल्यांदा मोजलं तेव्हा इन अ‍ॅरेसुद्धा बाकीच्या दोघांच्या बरोबरीने पळालं. मला वाटलं दादा फुकट शहाणपणा करतो. तुला खरमरीत पत्र लिहायला बसले होते. मग लक्षात आलं की मी शोधत होते ती बोट यादीत सगळ्यांत वरच होती. पहिल्याच पाटीवर मैना भेटली तर कोणीही जलदच. मग यादीतली शेवटची बोट शोधली, आणि नंतर यादीत नसलेलीच एक बोट शोधली. तेव्हा इन अ‍ॅरेचं खरं रूप दिसलं. लाखभर वेळा विचारायला लावलं तर आई चहा करून, पिऊन, कप विसळून आली तरी ते चालतच होतं. चावीवाले दोघे मात्र तिने साखरेचा डबा उघडायच्या आत मोकळे.

त्या दोघांत इसेट पुढे आहे, पण केसभर. नवीन पीएचपीवर तर फरक दिसावा म्हणून मला पुन्हा पुन्हा चालवावं लागलं. तरी जो पहिला तो पहिला. मी इसेट लावलं आहे. जुन्या नोंदी वेगळ्या काढल्या. मग खोट्या फोनांची गर्दी करून पान उघडून पाहिलं आणि ते पापणी लवायच्या आत उघडलं. मी अंगणात जाऊन एकटीच नाचले. बाबांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दादा, तुझे उपकार मी फेडणार नाही, पण विसरणारही नाही.

अमिषा


उरण, १३ जुलै २०२५

चि. अमिषा,

उत्तराला उशीर झाला. कारण आहे, आणि ते दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

तुमच्या भागोजीकाकांनी ज्या कंपन्यांकडून दर मागवले त्यात यार्डाचं सॉफ्टवेअर बघणारी आमची कंपनी आहे. जूनपासूनच आहे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला ठाऊक होतं, पण काम आपल्याला मिळणार नाही असं वाटलं म्हणून बोललो नाही. आता साहेबांनी पान करायचं काम माझ्यावरच टाकलंय. आईचं माहेर, मावशीचं गाव म्हणे, तुला सोपं जाईल.

गेल्या आठवड्यात मी तुमच्या सोसायटीत येऊन गेलो. घरी आलो नाही, कुठल्या तोंडाने येणार? भागोजीकाकांनी ठरवलंय की पहिल्या परतीला दोन्ही पानं चालवायची आणि गाव जे ठेवील ते ठेवायचं. कान्हा नोंदी टाकील त्या दोघांनाही सारख्याच मिळतील.

यात वैर नाही. नोकरी आहे. पण खेळायचं तर मी हरायला खेळत नाही, हेही तुला लहानपणापासून माहीत आहे.

निकेत


रेवदंडा, १५ जुलै २०२५

निकेत,

दादा म्हणायचं आज जमत नाही.

मी तुला माझा कोड दिला, माझी भीती सांगितली, आणि तू जेट्टीवरून परत गेलास. मोठ्या मावशीला, तुझ्या आईला, सांगितलं नाही, तिला उगाच रडू येईल. माझी आई एवढंच म्हणाली, "घरात शिरला न्हाय? चाय तरी प्यायला पायजे व्हता."

बघून घेईन.

अमिषा


रेवदंडा, ३ ऑगस्ट २०२५

निकेतदादा,

राग अजून आहे, पण एक गोष्ट न सांगता ठेवली तर जिंकले तरी मला गोड लागणार नाही. म्हणून लिहिते.

काल मी आईला शेजारी बसवून पान दाखवत होते. खोट्या बोटी आणल्या, खोटी वजनं टाकली. आई म्हणाली, "पैल्या फेरीचं म्हावरं तोलत न्हाय, ठावं हाय ना तुला?" मला ठाऊक होतं, पण डोक्यात नव्हतं. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीची मासळी आमच्या वाड्यात काट्यावर चढवत नाहीत. ती देवीची. घरोघर वाटायची, विकायची नाही. म्हणजे कान्हा बोटीचं नाव टाकणार आणि वजनाचा खण रिकामा सोडणार.

मी तसं करून बघितलं. खण रिकामा ठेवला आणि पानावर सगळ्या बोटी ‘बाहेर’च राहिल्या. इसेट नुसतं खण आहे का एवढंच विचारत नाही, खणात काही आहे का तेही विचारतं. रिकामा असेल तर सरळ ‘नाही’ म्हणतं. अ‍ॅरे की एक्झिस्ट्स फक्त चावी बघतं. ते केसभर हळू आहे, पण खरं बोलतं. मी ते लावलं आहे. तूही लाव.

अमिषा


उरण, ५ ऑगस्ट २०२५

चि. अमिषा,

पत्र वाचून बरं वाटलं, आणि हसूही आलं. मला केसभर हळू करण्यासाठी तू देवीला मध्ये आणशील असं वाटलं नव्हतं.

मी सोसायटीत होतो तेव्हा भागोजीकाकांना स्पष्ट विचारलं होतं, सगळ्या बोटी तोलता का? ते साहेबांपुढे छाती काढून म्हणाले, "येक बी बोट काट्याबिगर सुटत न्हाय." आमच्या यार्डाचाही तोच नियम आहे. ट्रक आधी वजनकाट्यावर उभा राहतो, मग फाटकातून आत. वजन नाही म्हणजे गाडी आलीच नाही. आणि समजा एखाद्याने तोललं नाही, तर कान्हा शून्य टाकील. शून्याला इसेट ‘आहे’च म्हणतं, हे तुला शिकवायला नको.

माझं पान तुझ्या आधी उघडतं, मी मोजलं आहे. हरलीस तर पनवेलला मीच सोडायला येईन, गाडीभाडं माझं.

निकेत


रेवदंडा, १२ ऑगस्ट २०२५

निकेतदादा,

कालचा दिवस तुला सगळा सांगते. तू नव्हतास आणि हा तू बघायला हवा होतास.

बोटी शनिवारी गेल्या होत्या. दर्या अजून पूर्ण निवला नव्हता, त्यामुळे घराघरात थोडी धाकधूक होती. काल सकाळी भागोजीकाकांनी सोसायटीच्या ओट्यावर मोठा टीव्ही लावला आणि त्यावर तुमच्या कंपनीचं पान सुरू केलं. फार देखणं पान आहे, खोटं का बोलू? प्रत्येक बोटीचं चित्र, ‘बाहेर’ लाल, ‘आली’ हिरवं. माझं पान साधं, काळ्या अक्षरांचं. त्याचा पत्ता गावच्या ग्रुपवर तुमच्या पत्त्याच्या खाली टाकला होता. मी आत कान्हाच्या टेबलाशी बसले होते.

पहिली बोट खाडीत शिरली. कान्हाने नाव टाकलं, वजनाचा खण सोडून दिला. मी विचारलं, "शून्य टाकायचं का?" त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी देवळात चपला घालून शिरले. "देवीच्या नावाम्होरं शून्य कोन लिवतो?" एवढंच बोलला. दादा, तुझा शून्याचा हिशेब तिथेच संपला.

माझ्या पानावर ‘आली’ उमटलं. टीव्हीवर लालच. दुसरी आली, तिसरी आली, मग रांगच लागली. जेट्टीला होड्या खेटून उभ्या, लोक एकमेकांना मिठ्या मारतायत आणि टीव्हीवर सगळा रेवदंडा दर्यात. ‘शितळाई’ लागली तेव्हा बाबा सरळ ओट्यावर आले आणि भागोजीकाकांनी पुढे केलेला चहा घेतला. काका एकदा टीव्हीकडे बघतात, एकदा बाबांकडे.

"आरं धर्मा, तू अजून बाहेर हायस म्हनं."

बाबा म्हणाले, "मंग ह्यो चाय कोन पितोय?"

ओट्यावर हशा पिकला. पण सगळीकडे हसू नव्हतं. घरी बसलेल्या ज्या बायकांनी तुमचं पान उघडलं होतं, त्या रडकुंडीला येऊन धावत जेट्टीवर आल्या. बोटीवर गेलेल्या सदूच्या नव्या नवरीला तर पायात काय आहे नाही याचं भान नव्हतं. नवरा समोर दिसला तेव्हा तिने त्याला आधी एक धपाटा घातला. माझी आई मात्र आली नाही. तिने माझ्या पानावर बघितलं, ‘शितळाई आली’, आणि नारळ खवायला बसली. शेजारणींनी विचारलं तर म्हणाली, "माझ्या पोरीनं लिवलंय आलेत, म्हंजे आलेत."

हे मला रात्री कळलं. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले.

मग खरी परीक्षा सुरू झाली. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की खालचं पान बघा, खालचं बरोबर आहे. आणि गाव उलटलं. गेल्या वर्षीसारखंच, सगळे एकदम. नवरीने उघडलं, सासूने उघडलं, मुंबईला गेलेल्या पोरांनी तिकडून उघडलं. पान अडकलं नाही. एकदाही चक्र फिरलं नाही. कान्हा नाव टाकायचा आणि तो मान वर करेपर्यंत गावभर ‘आली’ झालेलं असायचं. भागोजीकाकांनी शेवटी स्वतः उठून टीव्हीवर माझं पान लावलं. लावताना म्हणाले, "पोरीचं पान तरलं." मी टेबलाखाली दोन्ही मुठी आवळल्या.

तुझं पान माझ्या आधी उघडत होतं, हे मान्य. खोटं सांगण्यातही तुझाच पहिला नंबर आला.

मी जिंकले, दादा. मी जिंकले.

अमिषा


उरण, १३ ऑगस्ट २०२५

प्रिय अमिषा,

चिरंजीव लिहायला आज हात वळत नाही. तू माझ्यापुढे गेलीस.

त्या दिवशी मी ऑफिसात माझंच पान उघडून बसलो होतो. साहेब खांद्यावरून बघत होते. वेग झकास, साहेब खूष. पण एकही बोट येईना. दुपार व्हायला लागली आणि माझी नजर एकाच ओळीवर अडकली, ‘शितळाई, बाहेर’. सकाळी वाऱ्याची बातमी ऐकली होती. फोन करावा तर मावशीला काय विचारू? काका परत आले का, असं पहिल्या फेरीच्या दिवशी तिला विचारू? धर्माकाकांनी मला खांद्यावर बसवून खाडी दाखवली होती, तेच डोळ्यांपुढे येत राहिलं. मी केलेलं पान सांगत होतं की ते नाहीत, आणि माझ्या पानावर माझा पूर्ण विश्वास होता.

शेवटी मी तुझं पान उघडलं. साहेबांच्या समोर. ‘शितळाई, आली.’ मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला रडू आलं. साहेब विचारायला लागले काय झालं. मी म्हटलं, काका आले. ते म्हणाले, आपल्या पानावर तर नाहीत. मी म्हटलं, आपलं पान चुकलंय, दुसरं बरोबर आहे.

तू मला सांगितलं होतंस. मी त्याला डाव समजलो. तुझ्या जागी मी असतो तर सांगितलं नसतं, हे मला त्याच खुर्चीत बसून कळलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, "दर वर्षी रेवदंड्यावरनं डबा येतो, तो तू बोटं चाटून खातोस. वजन करून आलेला वाटला व्हय तुला?" माहेरवाशिणीचा वाटा असतो म्हणे. इतकी वर्षं मी देवीची मासळी खात होतो आणि मला साधं विचारावंसं वाटलं नाही.

यंदा डबा आला नाही. आई दारात दोनदा जाऊन आली. मी समजू शकतो.

निकेत


रेवदंडा, १४ ऑगस्ट २०२५

निकेतदादा,

आज सकाळी सोसायटीची मीटिंग झाली. पान माझंच राहणार. या महिन्यापासून मी पगारावर, आणि टीव्हीही मलाच दिलाय. पुढच्या हंगामापर्यंत पलीकडच्या गावांच्या बोटीही याच पानावर घ्यायच्या असं भागोजीकाकांनी ठरवलंय, म्हणजे गर्दी दुप्पट. येऊ दे.

पनवेलचं नाव घरात कुणी काढलं नाही. बाबा दुपारी पुन्हा निघाले. गेला हंगामभर त्यांनी माझ्या पानाला ‘पोरीचा खेळ’ म्हटलं होतं. आज बोटीत चढता चढता थांबले, मागे वळले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "माझं नाव बरोबर लाव. तुझी आई तेच बघून भात टाकते." मी हो म्हटलं. बोट खाडीबाहेर जाईपर्यंत मी जेट्टीवर उभी होते.

डबा पाठवला नाही, कारण तो पाठवायचाच नव्हता. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चाय न पिता गेलाय, तो सोता येऊन नेईल." रविवारी मोठ्या मावशीला घेऊन ये. आल्यावर एक, निघताना एक असे दोन चहा प्यायचे आहेत. येताना तुझ्या पानाची ती बोटींची चित्रं घेऊन ये. ती मला आवडली आहेत, आणि माझ्या पानावर ती तूच लावून देणार आहेस.

तुमचा दोघांचा वाटा बर्फात ठेवलाय. तोललेला नाही. त्यामुळे तुझ्या पानाला विचारशील तर ते नाही म्हणेल, म्हणून मी सांगते. आहे.

अमिषा